मोरीचा कागद

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. क्षुल्लक गोष्टीची राखण करायची आणि मोठी गोष्ट उघडी टाकायची, या वृत्तीची ती थट्टा आहे. म्हण रचणाऱ्याने मोरीला क्षुल्लक ठरविले यात नवल नाही. घराची हकीकत सांगताना आपण देवघर, माजघर, ओटा यांविषयी बोलतो. भांडी घासल्यावर पाणी कोठे गेले, हे कोणी सांगत नाही. परंतु सुरत शहराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मोरीच्या बाजूने वाचला, तर या शहरात मोरी हाच खरा दरवाजा होता असे दिसून येते. माणसे ओट्यावरून ये-जा करीत. शेजाऱ्याचे भांडण, साथीचा रोग, म्युनिसिपालिटीचा अंमलदार आणि तापीचा पूर हे मात्र मोरीच्या वाटेने घरात शिरले.

आज आपल्यांपैकी अनेकांच्या जुन्या घरांत न्हाणीघरे नव्याने बांधली जात आहेत. फरशी उखडली की कारागीर जाडीचा, रंगाचा, भावाचा प्रश्न विचारतो. आणि मग कोणीतरी जाणता विचारतो, ‘कागद आहेत का?’ मंजूर नकाशा, गटारजोडाची परवानगी, परवानाधारक प्लंबरची सही, काम पुरे झाल्याचा दाखला हे शब्द ऐकताच कपाळाला आठी पडते. प्रस्तुत लेखात या कागदांची कुळकथा सांगण्याचा प्रयत्न आहे. हे कागद कचेरीच्या हौसेतून जन्मले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्यांतील बहुतेकांमागे या शहराने सोसलेली एखादी आपत्ती किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील एखादा जुना तंटा उभा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठी घरात मोरी म्हणजे केवळ पाणी जाण्याचे भोक नव्हे. हातपाय धुण्याची, भांडी घासण्याची, प्रसंगी स्नानाचीही ती जागा. गुजराती घरात याच जागेला चोकडी म्हणतात, आणि पाणी वाहून जाते त्या वाटेला खाळ. खाळाचे पाणी ज्या खड्ड्यात जिरते तो खाळकुवा. शौचकूपासाठी गुजरातीत जाजरू हा शब्द आहे; तो फारसीतील ‘जा-ए-जरूर’, म्हणजे गरजेची जागा, यावरून आला. जुन्या मराठीत त्याच अर्थाचा शेतखाना होता. त्याच्या मुळाशी ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याची खोली. दोन्ही भाषांनी नको असलेल्या वस्तूला परक्या भाषेतील सभ्य नाव दिले. उलट, आपला एक अस्सल घरगुती शब्द परदेशी विद्येत जाऊन बसला आहे. स्नानगृहाच्या तळाशी जो जाळीचा सापळा बसवितात, त्याला भारतातील अभियंते इंग्रजी पुस्तकांतही ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. मोठमोठ्या शब्दांच्या त्या शास्त्रात आपली न्हाणी आपले नाव राखून आहे.

सुरतेच्या जुन्या शेऱ्यांतील घर अरुंद आणि खोल. दर्शनी बाजूस ओटा, दोन्ही अंगांना शेजाऱ्याच्या सामायिक भिंती, मध्ये उजेडासाठी लहानसा चौक. चौकातच चोकडी, आणि कित्येक घरांत पावसाचे पाणी साठविण्याचे भुयारी टांके. म्हणजे प्यायचे स्वच्छ पाणी आणि धुण्याचे घाण पाणी ही दोन्ही काही हातांच्या अंतरावर नांदत. दोन घरांच्या मध्ये जेथे भिंत सामायिक नसे, तेथे पागोळ्या पडण्यापुरता एक बोळ सोडलेला असे. त्याला नवेरी किंवा नवेळी म्हणतात. नेवाचे पाणी, मोरीचे पाणी आणि शौचकूपाची मागची बाजू यांची सोय याच बोळात होई. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही गुजराती म्हण सर्वांना ठाऊक आहे; त्या जेवणानंतरच्या खरकट्या पाण्याचे पुढे काय होई, हे नवेरीलाच ठाऊक.

या व्यवस्थेत कागद जवळजवळ नव्हता. होती ती वहिवाट. एखाद्याचे सांडपाणी शेजाऱ्याच्या जागेतून पिढ्यान्‌पिढ्या जात असेल, तर ते तसेच जात राहावे, एवढाच नियम. घराच्या खरेदीखतात जाण्यायेण्याचा हक्क, हवा-उजेडाचा हक्क, तसाच नेवाच्या व पाण्याच्या निकालाचा हक्क नमूद करण्याची रीत होती आणि आजही आहे. ज्या मराठी घराण्यांकडे जुनी दप्तरे आहेत, त्यांनी ती या दृष्टीने अवश्य चाळून पाहावीत. चौथाईच्या वसुलीसाठी पेशव्यांचे आणि गायकवाडांचे कामगार अठराव्या शतकात सुरतेत राहत. १८०० साली शहराचा सर्व कारभार इंग्रजांकडे गेला, १८०२च्या वसईच्या तहाने पेशव्यांचे सुरतेवरील हक्क संपले, आणि लवकरच गायकवाडांचेही. सत्तेचे हक्क एका तहनाम्याने संपतात. पाण्याच्या निकालाचा हक्क मात्र कोणत्याही तहाने संपला नाही. घर ज्याचे झाले, त्याच्यामागे तो गेला.

वहिवाटीच्या या जगाला पहिला मोठा धक्का १८३७ साली बसला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीत सुरतेतील नऊ हजारांहून अधिक घरे जळाली, आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. लाकडी खांब-तुळयांची, एकमेकांस चिकटलेली घरे किती बेभरवशाची असतात, हे शहराला एका उन्हाळ्यात आणि एका पावसाळ्यात समजले. तरीही घरे पुन्हा तशीच उभी राहिली, कारण नवे घर कसे बांधावे हे विचारणारे कोणी नव्हते. १८५० साली कंपनी सरकारने शहरांच्या सुधारणेसाठी सव्विसावा कायदा केला. रहिवाशांनी मागणी केल्यास त्या गावाला तो लागू होई. रस्ते, गटारे, दिवे, स्वच्छता यांसाठी पैसा उभारण्याची आणि उपद्रवाला आळा घालण्याची सोय त्यात होती. या कायद्याखाली १८५२ साली सुरतेची म्युनिसिपालिटी स्थापन झाली. घरातील पाणी उंबऱ्याबाहेर गेले की तो सार्वजनिक विषय होतो, ही कल्पना या शहरात प्रथम त्या वेळी कायद्याच्या भाषेत उतरली.

ती लोकांना सहज पटली, असे समजू नये. सुरत हे कराविरुद्ध उठण्याची परंपरा असलेले शहर. १८४४ साली मिठावरील करवाढीविरुद्ध आणि १८७८ साली परवाना-कराविरुद्ध येथे दंगे झाले. ज्या शहराला मिठाचा कर सोसवत नाही, ते मोरीची तपासणी कशी सोसणार? घर ही अब्रूची जागा, आणि घराचा मागचा भाग ही तर अब्रूची अधिकच नाजूक बाजू. परका अंमलदार नवेरीत शिरून खाळकुवा पाहतो, ही गोष्ट घरधन्याला कराच्या रकमेपेक्षा जास्त लागत असावी, असे मला वाटते.

दरम्यान शहराची मोजणी झाली आणि प्रत्येक मिळकतीला क्रमांक मिळाला. आजही सुरतेच्या जुन्या भागातील घराची ओळख ‘वॉर्ड नंबर अमुक, नोंध नंबर तमुक’ अशीच सांगितली जाते. मराठी माणसाला हा नोंध शब्द चटकन जवळचा वाटतो. आपलीच ती नोंद. शेरीत घर माणसाच्या किंवा घराण्याच्या नावाने ओळखले जाई. दप्तरात ते आकड्याने ओळखले जाऊ लागले. वरवर कोरडा वाटणारा हा बदल मोरीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कोणत्या घराचे पाणी कोठे जाते हे लिहायचे, तर आधी प्रत्येक घराला कागदावर जागा हवी. नोंध क्रमांक हा पुढील साऱ्या परवानग्यांचा पाया ठरला.

१८८२चा सुविधाधिकाराचा, म्हणजे ईझमेंटचा, कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला आणि वहिवाटीला लेखी शास्त्र मिळाले. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता उपभोगलेली सोय हा हक्क ठरतो, असे त्याचे पंधरावे कलम सांगते. त्यातील एक स्पष्टीकरण वाचून आजचा वाचक थबकेल. पाणी दूषित करण्याच्या सुविधाधिकाराची मुदत केव्हापासून मोजावी, हेही त्यात दिले आहे : दूषितपणाचा उपद्रव दुसऱ्याच्या मिळकतीला प्रथम जाणवू लागला, तेव्हापासून. म्हणजे पुरेशी वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तर शेजाऱ्याचे पाणी बिघडविणे हाही हक्क होऊ शकत होता. वहिवाटीच्या तर्काचे हे अखेरचे टोक. त्यापुढे केवळ दोन शेजाऱ्यांचा हिशेब पुरेसा नव्हता. दोघांपेक्षा मोठा असा तिसरा पक्ष, म्हणजे शहर, मध्ये येणे भाग होते.

तो तिसरा पक्ष १९०१च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात ठळकपणे दिसतो. त्याच्या ९६व्या कलमाने इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आधी नगरपालिकेस नोटीस द्यावी, असे ठरले. १९२५च्या म्युनिसिपल बरो कायद्यात हेच काम १२३व्या कलमाने केले. ‘आधी सांगा, मग बांधा’ हे सूत्र आपल्या पणजोबांच्या काळातच रूढ झाले होते. आपण ज्याला आजच्या नोकरशाहीची कटकट म्हणतो, तिचे वय शंभराहून अधिक आहे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये सुरतेत नळ आला. वराछा येथील जलमंदिर, म्हणजे वॉटरवर्क्स, १८९८ पासून तापीचे पाणी शहराला पुरवू लागले. शेजारच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आजव्याचे पाणी १८९२ साली आले होते. नळ ही मोठीच सोय. परंतु तिच्या पोटात एक अडचण होती. डोक्यावरून आणलेले किंवा टांक्यातून शेंदलेले पाणी माणूस जपून वापरतो. तोटी फिरवून मिळालेले पाणी सढळ हाताने वापरतो. जितके पाणी घरात येते, जवळजवळ तितकेच मोरीतून बाहेर जाते. दोन घागरींसाठी खणलेला खाळकुवा वीस घागरी कोठून जिरविणार? लंडन शहराने हाच अनुभव आधी घेतला होता. तेथे पाण्याने धुतले जाणारे शौचकूप घराघरांत आले, परंतु मैला नेणारी गटारे पुरेशी नव्हती. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अडले, आणि मग बॅझलजेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठी भुयारी गटारे बांधली गेली. सुरतेतही नळ आधी आला. भुयारी गटारांची योजना स्वातंत्र्यानंतरची. मधली पन्नासहून अधिक वर्षे शहराने उघडी गटारे, खाळकुवे आणि माणसांचे हात यांवर काढली.

या हातांविषयी न बोलता मोरीचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या घरांच्या नकाशांवर ओटा दिसतो, जिना दिसतो, चौक दिसतो. मागच्या बोळातून येऊन डबा-जाजरू रिकामे करणाऱ्या माणसाची वाट मात्र नावानिशी दिसत नाही. तो पुढच्या दाराने कधी आला नाही आणि कागदावरही आला नाही. आपली घरे पांढरीशुभ्र होती, सोवळ्या-ओवळ्याचे नियम कडक होते; आणि ते सारे दररोज पहाटे मागच्या बोळात येणाऱ्या एका जातीच्या श्रमावर उभे होते. महाराष्ट्रात अप्पासाहेब पटवर्धनांनी या प्रश्नाला थेट हात घातला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग केला. गांधीजींनीही त्यांची बाजू घेतली. परवानगीच्या इतिहासात हा अर्ज एकमेव म्हणावा असा आहे. इतरांनी आपली मोरी बांधण्याची परवानगी मागितली. अप्पांनी दुसऱ्याची घाण उचलण्याची मागितली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाच्या संडासाचे प्रयोग केले.

१९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुरत आणि धुळे ही दोन्ही तेव्हा एकाच मुंबई राज्यात होती, त्यामुळे ही समिती जितकी महाराष्ट्राची तितकीच गुजरातची. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा आग्रह तेव्हापासून सरकारी कागदांत सातत्याने दिसतो. तरी कोरड्या शौचकूपांना बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, आणि २०१३च्या कायद्याने असे शौचकूप पाडण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी घरात राहणाऱ्यावर टाकली. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जुन्या घरात विस्मृतीत गेलेला खाळकुवा सापडला, तर तो उपसण्यासाठी कोणा गरजवंताला दोर बांधून खाली सोडण्यापूर्वी घरधन्याने हे ध्यानी ठेवावे. बंद खड्ड्यातील वायू क्षणात प्राण घेतो. तेथे चूक सुधारण्याला अवधी मिळत नाही.

१ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, आणि सुरतेतील मराठी कुटुंबे गुजरात राज्याचे नागरिक झाली. कायद्याचे गोत्र मात्र एकच राहिले. १९४९चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा पुण्याला १९५० साली लागू झाला, आणि १ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरतेची महानगरपालिका झाली तीही त्याच कायद्याखाली. पुढे दोन्ही राज्यांनी त्याच्या नावातील मुंबई काढून आपापले नाव घातले, तरी पुण्यात बांधणारा भाचा आणि सुरतेत बांधणारा मामा यांना लागणारी मूळ कलमे बरीचशी समान आहेत. २५३ आणि २५४ या कलमांनी बांधकामाची व फेरफाराची नोटीस द्यायची. काम संपल्यावर २६३व्या कलमाने पूर्णतेचा दाखला सादर करून वापराची परवानगी घ्यायची. त्याच कायद्यात प्लंबरला परवाना देण्याची तरतूद आहे. प्लंबर हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, कारण एके काळी नळ शिशाचे असत. नळ बदलले, शब्द राहिला, आणि त्याला कायद्याने जबाबदारी जोडली.

शब्दांचा आणखी एक गमतीचा धागा येथे सांगण्यासारखा आहे. गुजरातेत बांधकामाच्या परवानगीला ‘रजाचिठ्ठी’ म्हणतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला वाटते की, कचेरीतून सुट्टी घेण्याचा हा अर्ज असावा. परंतु रजा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ राजीखुशी, संमती असाच आहे. जुन्या मराठी बखरींतही सरदाराला ‘रजा’ दिली जाते ती निघण्याच्या अनुमतीची. मराठीने त्यातील सुट्टी ठेवली, गुजरातीने संमतीही ठेवली. मोरीच्या बाबतीत दोहोंचा अर्थ एकच निघतो : चिठ्ठी असेल, तर पाण्याला घरातून जाण्याची रजा आहे.

कागद असूनही शहर कसे बुडते, हे १९९४ने दाखविले. सप्टेंबरात अतिवृष्टी आणि पूर झाला, सखल वस्त्यांत पाणी साचले, कचरा आणि मेलेली जनावरे उचलली गेली नाहीत. महिन्याच्या उत्तरार्धात वेडरोडच्या भागात फुफ्फुसाच्या प्लेगची लक्षणे असलेले रोगी आढळले. मृतांची अधिकृत संख्या पाऊणशेच्या आत राहिली, परंतु भयाने काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांत, मागांवर राबणारी खानदेशी कुटुंबे ताप्ती व्हॅली रेल्वेने परतीच्या वाटेला लागली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकार विभागांकडे दिले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले आणि बेकायदा बांधकामांवर, तीही बड्यांच्या, हातोडा चालविला. दोनच वर्षांत इंटॅकच्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर पहिले. योगायोग असा की, याच नावाच्या आद्याक्षरांचे दुसरे एस. आर. राव हे लोथलचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ. १९५५ पासून त्यांनी गुजरातच्याच भूमीत चार हजार वर्षांपूर्वीची, भाजलेल्या विटांच्या फरशीची स्नानगृहे आणि त्यांना जोडलेली गटारे उघडकीस आणली. एका रावांनी दाखविले की, ही विद्या आपल्याकडे होती. दुसऱ्यांनी दाखविले की, ती पुन्हा आणता येते.

दुसरा धडा २००६चा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उकाई धरणातून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. पुराचे पाणी पुढच्या दारातून येते अशी आपली कल्पना असते. परंतु नदी चढली की गटारे उलटी वाहू लागतात, आणि तळमजल्यावरील न्हाणीचे भोक हे घरातील सर्वांत खालचे तोंड असते. रस्ता कोरडा असतानाच पाणी तेथून वर येते, आणि एकटे येत नाही, साऱ्या वस्तीची घाण घेऊन येते. अशा वेळी ‘मोरीला बोळा’ हा थट्टेचा विषय उरत नाही. आपली मोरी कोणत्या चेंबरला, कोणत्या पातळीला जोडलेली आहे हे ज्यांच्या कागदावर होते, त्यांना कोठे झडप बसवावी हे कळले. इतरांना फरशी फोडून शोधावे लागले.

आता आजच्या न्हाणीघराकडे येऊ. साधी दुरुस्ती आणि फेरफार यांत कायदा भेद करतो. फरशी, तोटी, रंग बदलणे ही दुरुस्ती. नवा संडास काढणे, पाण्याची वाट बदलणे, गटाराला नवा जोड देणे, बाहेरची वा सामायिक भिंत हलविणे हा फेरफार. त्यासाठी आधी विचारावे लागते. साधारणपणे घरवेऱ्याची पावती, मालकीचा पुरावा, नोंध क्रमांक, जोडाचा नकाशा आणि परवानाधारकाची सही एवढा हा संभार असतो. त्यामागचे शास्त्र किचकट नाही. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग याने इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या नळाचे पेटंट घेतले. त्या वाकात राहिलेले ओंजळभर पाणी गटारातील वायू घरात येऊ देत नाही. आपल्या न्हाणी ट्रॅपमधील साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा थर हाच घर आणि गटार यांमधील खरा उंबरठा. नळाला उतार कमी दिला तर मैला बसतो. वायुनळी नसेल तर दुसऱ्या मजल्यावर सोडलेले पाणी खालच्या सापळ्यातील पाणी ओढून नेते. जुन्या घरात वरच्या मजल्यावर नवे न्हाणीघर काढताना सागवानी तुळयांवर ओल आणि भार दोन्ही वाढतात, आणि सामायिक भिंतीतून ती ओल शेजाऱ्याकडे जाते. नकाशावर सही मागणारा कारकून हे सर्व बोलून दाखवीत नाही, पण त्याच्या रकान्यांत ते दडलेले असते.

हे रकाने कोरे ठेवून बांधण्याचा मोह जुना आहे, आणि राज्यानेही तो वाढविला आहे. अनधिकृत बांधकाम शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद गुजरातेत २००१, २०११ आणि २०२२ अशी तीनदा झाली. दर वेळी लोकांनी मनाशी म्हटले, ‘पुढेही होईलच.’ परंतु पैसे भरून कागद नियमित होतो, उतार नियमित होत नाही. सापळ्याविना बसविलेला नळ शुल्काची पावती पाहून वायू रोखीत नाही. परवानगीला खंडणी समजणारे आणि परवानगी विकणारे, दोघेही एकच गोष्ट विसरतात : कागद हा कामाचा साक्षीदार आहे, कामाचा मोबदला नव्हे. कचेरीत फेऱ्या मारायला लावणे, सोपी गोष्ट अवघड करणे हे दोष खरे आहेत आणि त्यांविरुद्ध तक्रार केलीच पाहिजे. पण ती तक्रार कागद चांगला व्हावा म्हणून असावी, नसावा म्हणून नव्हे.

मोरीतून गेलेले पाणी आज कोठे जाते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. बमरोली येथे २०१४ साली सुरू झालेल्या प्रकल्पात दररोज ४ कोटी लिटर सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड-प्रक्रिया गिरण्यांना विकण्याची व्यवस्था झाली. जे पाणी नवेरीत शिरून शेजाऱ्याशी भांडण लावीत असे, ते आता साड्या रंगविण्याच्या कामी येते. आणि त्या गिरण्यांत राबणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. शहराने सांडपाण्याला किंमत आणली ती हिशेबाने, आणि हिशेब सुरू होतो तो घराच्या एका जोडापासून. चोरून दिलेल्या जोडाचे पाणीही वाहते, पण ते या हिशेबात नसते. बहुधा ते खाडीत जाते.

आपल्या जुन्या घराण्यांत कागद जपण्याचा संस्कार आहे. वंशावळी, सनदा, खरेदीखते, मुंजी-लग्नांच्या याद्या आपण पेटीत ठेवतो. त्याच पेटीत घराच्या पाण्याचा एक साधा नकाशा ठेवावा, एवढीच या लेखाची विनंती आहे : मोरी कोठे, नळ कोणत्या भिंतीतून जातो, चेंबर कोठे, बुजविलेला खाळकुवा आणि टांके कोठे, जोडाची परवानगी केव्हाची, काम कोणी केले. घराची वाटणी होते तेव्हा भाऊ-भाऊ दालनांवरून क्वचित भांडतात. भांडण लागते ते सामायिक मोरीवरून. घर विकले जाते तेव्हा घेणाऱ्याचा वकील हाच कागद मागतो. पूर येतो तेव्हा झडप शोधायला हाच उपयोगी पडतो. आणि कोणी कामगार दुरुस्तीसाठी येतो, तेव्हा पायांखाली पोकळ खड्डा आहे की भक्कम जमीन, हे त्याला आधी कळते. शंभर वर्षे जो माणूस आपल्या घराच्या कोणत्याही नकाशात नव्हता, त्याच्या जिवाची काळजी निदान या नकाशात असावी.